शंकासमाधान आणि चित्तसमाधान : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील एक धडा

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात धर्मसेवा करणाऱ्यांच्या कानी एक प्रश्न वारंवार पडतो. बाप्तिस्मा झाला, उपासनेस नेमाने जातो, प्रार्थनाही चुकवीत नाही. तरी मनाला समाधान का नाही? विचारणारा बहुधा अश्रद्ध नसतो. त्याला कोणीतरी सांगितलेले असते की विश्वास ठेवताच आनंद प्राप्त होतो. तो आनंद न आल्यामुळे आपल्या विश्वासातच काही खोट असावी, असे तो समजू लागतो. या प्रश्नास घाईने उत्तर देणे धोक्याचे आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती इतिहासातील एका थोर जीवनाच्या आधारे त्याचा विचार करणे इष्ट ठरेल.

हा प्रश्न या प्रदेशात विशेष तीव्र का व्हावा, हे प्रथम पाहू. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बळ्ळारीहून बेळगावास आले. त्या संस्थेचे येथील कार्य १९०४ साली मेथॉडिस्ट मंडळीकडे सोपविण्यात आले. गोव्याच्या महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली अस्तित्वात आला. तीनच वर्षांनी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि सीमावादाची जखम उघडी राहिली. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. भाषेचे शल्य आणि पोटाचा प्रश्न ही दोन्ही ओझी घेऊन येथील उपासक प्रभूच्या मंदिरात येतो. अशा माणसाला ‘समाधानी राहा’ असे सांगताना आपण त्याला नेमके काय सांगत असतो?

पंडिता रमाबाई स्वतःही दोन भाषांच्या सीमेवरच्याच. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला तो सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. घर मात्र मराठी बोलणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांचे. दुष्काळाच्या दिवसांत, तीर्थयात्रेच्या वाटेवर, १८७४ साली त्यांचे आईवडील वारले. पुढे बंधू श्रीनिवास गेले. १८८० साली विवाह झाला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. पंचविशी गाठण्यापूर्वीच त्यांच्याजवळ कन्या मनोरमा आणि अफाट संस्कृत विद्या यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या मराठीत ‘समाधान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शंकेचे समाधान होते, तसे चित्ताचेही समाधान होते. पहिले बुद्धीला पटते, दुसरे अंतःकरणात वसते. बाप्तिस्म्याच्या वेळी रमाबाईंना लाभले ते मुख्यतः पहिल्या प्रकारचे समाधान होते. फादर नीळकंठ (नेहेम्या) गोरे यांच्या पत्राने त्यांच्या बुद्धीला खात्री पटविली होती. पतित स्त्रियांसाठी तेथील भगिनींनी चालविलेले सेवाकार्य त्यांनी पाहिले होते, आणि शोमरोनी स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त त्यांना मोलाचा वाटला होता. परंतु बाप्तिस्म्यानंतरही त्र्यैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांचे प्रश्न संपले नाहीत. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात या अस्वस्थ, प्रामाणिक मनाचे दर्शन घडते.

पुढे लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई स्पष्टपणे सांगतात की, त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ धर्मगुरू होऊन सेवा करीत असतानाच त्यांचे खरे अंतःपरिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाईंना आपल्या स्थितीचे निदान सापडले. आपली पात्रता सिद्ध करण्याचा प्रयत्न सोडून, आहोत तशा पापी म्हणून, त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केले. आणि चित्ताची शांती त्यांना तेथे लाभली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ती आठ वर्षे वाया गेली नाहीत. याच काळात, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. देवाने त्यांच्या अपूर्ण समाधानातूनही काम करून घेतले. दुसरी ही की, शांती लाभल्यावर त्यांचा मार्ग सुकर झाला नाही. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून सदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुलींचा भार त्यांनी केडगावी उचलला. त्याच १८९७ साली, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी विटंबना पाहून त्यांनी वृत्तपत्रात सरकारविरुद्ध लेखणी उचलली. तेव्हा ख्रिस्ती समाधान म्हणजे अन्याय पाहून मूग गिळून बसणे नव्हे. ज्याचे मन प्रभूच्या ठायी स्थिर झाले आहे, तोच द्वेषावाचून अन्यायाविरुद्ध बोलू शकतो. सीमाभागातील आपल्या लोकांना हा भेद समजावून देणे अगत्याचे आहे.

प्रार्थनेचे स्थान कोणते, हे १९०५ च्या केडगावच्या जागृतीवरून दिसते. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी आश्रमातील भगिनींना रोजच्या प्रार्थनेसाठी बोलावले. सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. जूनअखेर जागृती आली, ती प्रथम अश्रूंच्या रूपाने. मुलींनी पापे कबूल केली, एकमेकींची क्षमा मागितली. आनंद आणि स्तुती त्यानंतर आली. तो आनंद आश्रमाच्या भिंतींत कोंडून राहिला नाही; प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या भोवतालच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास निघाल्या. अनेक महिन्यांची प्रार्थना, मग पश्चात्ताप, मग आनंद, मग सेवा, असा हा क्रम आहे. तडकाफडकी आनंदाचे आश्वासन देणाऱ्या सभा यांतील पहिल्या दोन पायऱ्या गाळतात, आणि म्हणून त्यांचा आनंद सभेच्या मांडवाबाहेर टिकत नाही.

रमाबाईंच्या समाधानाची खरी कसोटी अखेरच्या वर्षांत लागली. हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या माणसाला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. छपाई आश्रमातील स्त्रियाच करीत. श्रवणशक्ती क्षीण झाली होती. मनोरमेने १९१२ साली गुलबर्ग्यास मुलींसाठी शाळा काढून आईचे कार्य कर्नाटकात नेले होते; तीच कन्या १९२१ साली आईच्या देखत वारली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निजधामास गेल्या, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. जिने आईबाप, भाऊ, पती आणि अखेरीस एकुलती एक मुलगी गमावली, तिने शेवटपर्यंत देवाचे वचन इतरांच्या हाती देण्याचा ध्यास सोडला नाही. संत पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिले की संतुष्ट राहणे ही शिकून घेतलेली गोष्ट आहे. त्या शिकण्याचे मराठीतील याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

तेव्हा समाधान न लाभल्याची तक्रार घेऊन कोणी आपणाकडे आला, तर त्याच्या विश्वासावर दोष ठेवण्याची घाई करू नये. त्याची शंका असेल तर तिचे उत्तर द्यावे. पण तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानू नये. त्याची मातृभाषा मराठी असो वा कानडी, तीत त्याच्यासह बसून प्रार्थना करावी, आणि एका दिवसाची नव्हे तर काही महिन्यांची सोबत द्यावी. गोरे यांचे पत्र आणि रमाबाईंची शांती यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर होते. त्या अंतरात माणसाजवळ थांबणे, हेच धर्मगुरूचे व धर्मशिक्षकाचे काम होय.