इंजिनाला आधी, माणसाला नंतर: गाडीतल्या केबिन फिल्टरची गोष्ट

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. पठ्ठ्याने २००८ सालची सेकंडहँड हॅचबॅक घेतली. मेकॅनिक म्हणाला, "एसी फिल्टर बदलायला लागेल." आता याचे प्रश्न दोन. एक, हा फिल्टर असतो कुठे? आणि दोन, "दादा, बाबांच्या जुन्या गाडीत असलं काही नव्हतंच, मग आताच कशाला?" पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटं पुरतील, ते शेवटी सांगतो. दुसऱ्यासाठी मात्र शंभरेक वर्षं मागे जायला लागेल.

१९१५ साल. अमेरिकेतलं यूटा राज्य, कोरडं आणि धुळीचं. फ्रँक डोनाल्डसन नावाचा एक ट्रॅक्टर विकणारा माणूस तिथे एका शेतकऱ्याकडे गेला. शेतकऱ्याची तक्रार होती की नव्या ट्रॅक्टरचं इंजिन सारखं खराब होतंय. डोनाल्डसनच्या लक्षात आलं की इंजिन हवेबरोबर धूळही ओढतंय आणि ती धूळ आतून सगळं घासून काढतेय. त्याने तारेचा पिंजरा केला, त्यावर कापड ताणलं आणि पाइप लावून हवेचं तोंड धुळीच्या वर नेलं. झाला फिल्टर! कंपनीने काय केलं? आपल्या मालात खोट आहे असं सुचवल्याबद्दल त्याला कामावरून काढलं. मग त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. डोनाल्डसन कंपनी आजही फिल्टर बनवते.

त्याच वर्षी युरोपात महायुद्ध चालू होतं. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर प्रत्येक देश मुखवट्यांच्या मागे लागला. रशियात निकोलाय झेलिन्स्की या रसायनशास्त्रज्ञाने कोळशाचा मुखवटा तयार केला. साधा कोळसा नाही, सक्रिय केलेला, म्हणजे आत असंख्य बारीक छिद्रं असलेला. वायूचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. पुढे या कामासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा सगळ्यात भारी ठरला. १९१८मध्ये अमेरिकेत करवंट्या कमी पडल्या, तेव्हा सरकारने लोकांना पीचच्या बिया जमा करायला सांगितलं. शाळेतली पोरं फळांच्या बिया गोळा करतायत, कशासाठी, तर सैनिकांच्या श्वासासाठी! आज दुकानात जो काळसर 'कार्बनवाला' केबिन फिल्टर मिळतो ना, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे बघा, दोन्ही गोष्टी माणसाला ठाऊक झाल्या होत्या. धूळ कशी अडवायची आणि वायू कसा शोषायचा. तरी गाडीत बसलेल्या माणसासाठी त्या वापराव्यात, हे सुचायला बराच काळ गेला. कारण सरळ आहे. इंजिन खराब झालं की गाडी बंद पडते आणि गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं. माणसाची फुप्फुसं खराब झाली, तर गाडीच्या कंपनीकडे कोण जातंय?

पहिला अपवाद १९३८चा. अमेरिकेत नॅश नावाची मोटार कंपनी होती. वर्षभर आधीच ती केल्व्हिनेटरमध्ये विलीन झाली होती. हो, तोच केल्व्हिनेटर, ज्याचा फ्रिज तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात असू शकतो. तोपर्यंतचे बरेचसे हीटर गाडीतली तीच ती हवा पुन्हा गरम करायचे. काचांवर वाफ, आत कोंदट वास. नॅशने बाहेरची ताजी हवा ओढून, फिल्टरमधून गाळून, गरम करून आत सोडली. यातली खरी हुशारी वेगळीच होती. आत येणाऱ्या हवेमुळे केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहायचा, त्यामुळे दारांच्या फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी हवाच बाहेर जायची. आजही केबिन फिल्टरचं अर्धं काम याच तत्त्वावर चालतं. काच चार बोटं खाली केली, की ते संपलं.

गंमत म्हणजे नॅशच्या या सगळ्यावर पुढे जवळजवळ पडदा पडला. १९७८मध्ये स्वीडनच्या साब कंपनीने साब ९०० आणली, तिच्यात केबिन फिल्टर होता आणि तो 'जगात पहिला' म्हणून मिरवला गेला. चाळीस वर्षांनी! ऑटोमोबाइलच्या इतिहासात 'जगात पहिला' असं वाचलं की मी आधी 'कुणाच्या जगात?' असं विचारतो. पण साबला श्रेय द्यायला हवं. त्यांनी फिल्टर आणला तो परागकणांसाठी. वसंत ऋतूत तिकडे झाडांचे परागकण हवेत उडतात आणि हजारो लोकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागतं. म्हणून जुने लोक अजूनही याला 'पोलन फिल्टर' म्हणतात.

१९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मन गाड्यांनी ही गोष्ट उचलली आणि त्यात फ्रॉइडनबर्ग ही कंपनी पुढे होती. १८४९ साली चामडं कमावण्याचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. १९३०च्या दशकात नकली चामडं बनवायच्या खटपटीत त्यांच्याकडे न विणलेलं कापड तयार झालं, म्हणजे तंतू नुसते एकमेकांत गुंतवून केलेलं. चामडं बाजूला राहिलं, पण त्या कापडातून पुसायची फडकी निघाली, कपड्यांची अस्तरं निघाली आणि शेवटी फिल्टरही.

आता हा फिल्टर चहाच्या गाळणीसारखा चालतो असं वाटतं, पण तसं नाही. गाळणीत मोठं अडकतं, बारीक निसटतं. इथे मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात आणि अगदी सूक्ष्म कण हवेत इतके वेडेवाकडे भरकटतात, की तेही कुठेतरी चिकटतातच. सगळ्यात जास्त निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून चांगल्या फिल्टरच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो, तो या मधल्या कणांना खेचतो. गॅरेजमध्ये "नवा कशाला, कॉम्प्रेसरची हवा मारून देतो" म्हणतात ना, तेव्हा वरची पानं आणि माती निघते. तंतूंत रुतलेली बारीक धूळ निघत नाही. कागदी फिल्टर पाण्याने धुणं म्हणजे तर तो फेकून देण्याचाच लांबचा रस्ता. आणि एक लक्षात ठेवा, कार्बन मोनॉक्साइड कोळशाचा फिल्टरसुद्धा अडवत नाही.

आता येऊ बाबांच्या गाडीकडे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. इंजिनाला एअर फिल्टर होता. माणसांना होती पुढच्या दारातली ती तिकोनी काच. ती फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, तीही बहुतेकांनी बिनएसीचीच घेतली. काचा खाली असतील तर फिल्टर काय गाळणार? एसी सर्रास झाला, काचा वर गेल्या, तेव्हा कुठे या वस्तूला आपल्याकडे अर्थ आला. तेव्हाही बऱ्याच स्वस्त मॉडेलांत फिल्टरचं घर असायचं, आत फिल्टर नसायचा. इंजिनाचा फिल्टर काढून किंमत कमी करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

तोवर बाहेरची हवा बदलली होती. १९९३मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांचा हार्वर्डचा अभ्यास आला आणि हवेतले बारीक कण आयुष्य कमी करतात हे ठळकपणे पुढे आलं. भारताने पीएम २.५ची मर्यादा २००९मध्ये ठरवली, वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितलेला आकडा आहे ५. सिग्नलला थांबलात की डावीकडे बघा. रिक्षावाले काका त्याच हवेत दिवसाचे दहा-बारा तास बसतात, त्यांच्या रिक्षाला काचाच नाहीत. इंजिनाला मात्र फिल्टर आहे.

तर, श्रोत्याचा पहिला प्रश्न. बहुतेक गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडी बंद करा, कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत कप्पा खाली लोंबतो. मागे एक चपटं प्लॅस्टिकचं झाकण दिसेल. ते काढून फिल्टर हळू बाहेर ओढा, झटका दिलात तर कचरा ब्लोअरमध्ये पडतो. माझ्या जुन्या गाडीतून कडुलिंबाची पानं, डासांचे पंख आणि राखाडी लोकरीसारखा एक थर निघाला होता. झाकण उघडल्यावर आत नुसतीच पोकळी दिसली, तर तुमची गाडी त्या स्वस्त मॉडेलांपैकी असू शकते. मॉडेल आणि साल सांगून त्या मापाचा फिल्टर आणा. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्याप्रमाणेच ठेवा. वर्षातून एकदा बदला. धुळीच्या रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर त्याआधीच. ब्लोअर चारवर असूनही हवा दोनची येतेय असं वाटलं, तर वाट बघू नका.

आणि एसीचं ते गोल बाणाचं बटण, ज्याने आतलीच हवा फिरते, ते ट्रॅफिकमध्ये जरूर दाबा. पण लांबच्या प्रवासात तासन्‌तास तसंच ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरला पेंग येते.

पुढच्या भागात हॉर्न. भेटू.