रंगमहालातला उजेड

1755 साली नानासाहेब पेशव्यांनी शनिवारवाड्यात गणपती रंगमहाल उभारला. त्याच सुमारास पॅरिसमधला व्यापारी लाझार द्युवो आपल्या रोजकीर्दीत विक्री टिपत होता. 1748 ते 1758 ची ही वही टिकली, 1873 मध्ये छापलीही गेली. त्यामुळे फ्रान्सच्या राजाच्या मर्जीतल्या मादाम द पाँपादूरने त्याच्याकडून काय घेतलं, हे आजही नोंदीनिशी सांगता येतं. त्या वहीत व्हँसेनच्या कारखान्यातली चिनी मातीची फुलं लावलेले दिवे आहेत. अशा दिव्यांत मुलामा दिलेली धातूची फांदी, रंगवलेल्या पत्र्याची पानं आणि टोकाला नाजूक फूल असे. ही रोकोको शैली; तिची ओळख म्हणजे शिंपल्याची वळणं आणि मुद्दाम मोडलेला तोल.

पुण्याच्या रंगमहालाचं नशीब वेगळं. 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली. लाकडी इमारती जळाल्या, जोती आणि तट उरले. दरबाराचं रूप दाखवायला सहसा थॉमस डॅनियलचं 1805 चं तैलचित्र पुढे केलं जातं. विषय पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या 1790 च्या तहाचा. पण ज्याच्या रेखाटनांवरून ते रंगवलं, तो जेम्स वेल्स पुण्यात आला 1792 मध्ये आणि वारला 1795 मध्ये. म्हणजे खांब आणि महिरपी त्याने पाहून काढल्या असतील; तहाचा प्रसंग मात्र मागाहून जुळवलेला. या चित्राची साक्ष तेवढ्यापुरतीच घ्यावी.

दुसरी साक्ष धातूची आहे. दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. 1961 मध्ये त्यांचं भारतीय दिव्यांवरचं इंग्रजी पुस्तकही आलं. एखादा लामणदिवा जवळून पाहा. साखळीच्या दुव्यांमध्ये हत्ती किंवा मोर, खाली तेलाची वाटी, काठाला वातींच्या चोची. पुष्कळ दिव्यांत मधला पक्षी नुसता शोभेचा नसतो; साखळीची कडी त्याच्याच पाठीत अडकते, सगळा भार तोच पेलतो. व्हँसेनचं फूल काढलं तरी मेणबत्ती जळेल. हा मोर काढला तर दिवाच खाली येईल.

हे दिवे रंगमहालाचा पुरावा नव्हेत. मराठी घरांतल्या घडणीचा आहेत. 1755 च्या रंगमहालात विलायती झुंबरं टांगणाऱ्याने आधी तसा कागद दाखवावा.