एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा

शाळेतील विज्ञानमंडळ म्हटले की रंगीत तक्ते, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणि बक्षीससमारंभाचे पाहुणे डोळ्यांपुढे उभे राहतात. आणि हा सारा खटाटोप अलीकडेच शिक्षणखात्याच्या एखाद्या परिपत्रकातून निर्माण झाला असावा, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः मुंबईच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानचर्चेसाठी सभा काढली, त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली.

इ. स. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. पुढे ‘भारताचे पितामह’ म्हणून विख्यात झालेले दादाभाई नौरोजी या तरुणांपैकीच. परंतु इंग्रजीत निबंध वाचायचे आणि इंग्रजी जाणणाऱ्यांनीच ते ऐकायचे, एवढ्याने गावात कितीसा उजेड पडणार, ही जाणीव मंडळींना लगोलग झाली असली पाहिजे. कारण त्याच वर्षी देशी भाषांतून काम करणाऱ्या शाखा निघाल्या. त्यांपैकी मराठी शाखा ती ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. तिच्या अध्यक्षपदी दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे वैयाकरण! पदार्थविज्ञानाच्या चर्चेवर वैयाकरणाचा अंमल हा प्रकार प्रथमदर्शनी गमतीचा वाटतो खरा; पण ज्या भाषेत भरतीओहोटी पुष्कळांनी पाहिली होती आणि तिची उपपत्ती सांगण्याचा शिरस्ता मात्र पडलेला नव्हता, त्या भाषेत बोलू पाहणाऱ्यांना दुर्बिणीइतकीच शब्दांचीही गरज होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही निवड अगदी योग्य ठरते.

जमीन आधीच नांगरलेली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे मांडले होते. १८४६ साली ते अकाली निवर्तले. सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८५० साली सुरू झाले, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ऐन उमेदीत काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांसारखा गणिती त्यात भरतीओहोटी व कालज्ञान अशा विषयांवर लिहू लागला. नुसते पुस्तक चाळून लिहिणे वेगळे आणि वेधशाळेत नोंदी घेतलेल्या माणसाने लिहिणे वेगळे. सभेपुढे निबंध वाचणाऱ्यांत गोव्याकडचे गोविंद नारायण माडगावकर हेही एक. शुचिर्भूतपणापासून ते सृष्टीतील चमत्कारांपर्यंत त्यांची लेखणी फिरली. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली धावल्यावर पाच वर्षांनी त्यांनी लोखंडी रस्त्यांचेही वर्णन लिहून काढले.

माझ्या शाळेतील मंडळात आम्ही ‘वाफेची शक्ती’ या विषयावर मास्तरांनी लिहून दिलेली चार पाने तोंडपाठ म्हणत असू, आणि किटलीचे झाकण का उडते असे कोणी विचारले तर खाली बसत असू. त्या मानाने एल्फिन्स्टनच्या पोरांची हिंमत पाहा. सोसायटीच्या एका बैठकीत एका पारशी सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. टाळ्या वाजवून मंडळी घरोघर पांगली असती, तर त्या निबंधाची गणना शेकडो विस्मृत निबंधांतच झाली असती. परंतु या विद्यार्थ्यांनी तो विषय तडीस नेला, आणि १८४९ साली मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. शिक्षक कोण? हेच सभासद, आणि तेही बिनपगारी. मुलींना शिकवणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा मोठा वर्ग ज्या शहरात नांदत होता, तेथे विशी-पंचविशीच्या तरुणांनी हे धाडस केले. विज्ञानाच्या नावाने भरणाऱ्या सभेचे सर्वांत टिकाऊ कार्य कोणते, असे मला विचाराल तर मी ना भरतीओहोटीवरील लेख सांगेन, ना आगगाडीचे वर्णन. मी या शाळांकडे बोट दाखवीन. जे वाचले ते करून पाहायचे, हा प्रयोगशाळेचा नियम त्यांनी प्रयोगशाळेबाहेर चालवला.

जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला आपली जागा दिली. आणि सोसायटीची गिरगावातील कन्याशाळा विसाव्या शतकातही चालू होती.