डाक्सहुंड

डाक्सहुंड : लांबट धड व आखूड पाय असलेली, मूळची शिकारी व आता मुख्यतः घरात पाळली जाणारी जर्मन कुत्र्याची जात (→ कुत्रा, श्वानपालन).

बिळात शिरून बॅजर या प्राण्याची शिकार करण्यासाठी ही जात जर्मनीत विकसित झाली. तेथील पहिली डाक्सहुंड संघटना १८८८ मध्ये बर्लिन येथे स्थापन झाली.

मोठ्या प्रकाराचे वजन साधारण ७ ते १४ किग्रॅ., तर लहान प्रकाराचे ५ किग्रॅ.पर्यंत असते. केसांवरून आखूड, लांब व राठ केसांचे असे तीन प्रकार मानतात. घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, स्वभाव धीट व हट्टी, आवाज शरीराच्या मानाने मोठा असतो. जमीन उकरण्याची सवय टिकून आहे. आयुर्मान सु. १२ ते १६ वर्षे.

आखूड पाय जनुकीय बदलामुळे येतात. त्याच बदलामुळे मणक्यांमधील चकत्या लवकर कठीण होतात. चकती सरकल्यास मज्जारज्जूवर दाब पडून मागील पाय लुळे पडू शकतात (→ पृष्ठवंश). त्यामुळे वजन आटोक्यात ठेवणे, रोज बेताचा व्यायाम देणे, उंचावरून उड्या व जिने टाळणे आणि उचलताना छाती व मागील भाग यांना एकाच वेळी आधार देणे आवश्यक असते. लहान मुलांनी त्यांना मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळावे. लांब केसांच्या प्रकारास नियमित विंचरावे लागते.

१९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह ‘वाल्डी’ हे याच जातीचे होते.