लंडन बोट शो आणि शिडाच्या सामानाची बाजारपेठ

लंडन बोट शो हे ब्रिटनमधले होड्यांचे वार्षिक प्रदर्शन होते. 'डेली एक्सप्रेस' या वृत्तपत्राच्या पाठबळाने ते प्रथम डिसेंबर 1954 च्या अखेरीस ऑलिम्पिया सभागृहात भरले. पुढे ते अर्ल्स कोर्टला गेले. तिथे सभागृहातच तलाव भरून होड्या तरंगत्या ठेवत. मुहूर्त बहुधा जानेवारीचा असे. हिवाळ्यात किनाऱ्यावर काढलेल्या होड्या वसंतात पुन्हा पाण्यात जायच्या. त्याआधी जीर्ण दोर, फाटकी शिडे, गंजलेल्या कप्प्या बदलाव्या लागत. त्यामुळे नवी होडी विकत घेण्याची ऐपत नसलेलेही सामान घ्यायला येत.

पूर्वी हे सामान बंदरातल्या जहाजी दुकानांत आणि शिडे शिवणाऱ्या कारागिरांकडे मिळे. शिडे सुती, दोर अंबाडीवर्गीय धाग्यांचे. ओले राहिले की दोन्ही कुजत, म्हणून प्रत्येक सफरीनंतर वाळवावे लागत. जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी 1941 मध्ये शोधलेल्या टेरिलीनने हा जाच संपवला. 1950 नंतरच्या दशकात टेरिलीनची शिडे आणि दोर रूढ झाले. ते कुजत नाहीत आणि ताणाखाली फारसे लांबत नाहीत. शिडाचा आकार टिकला, की होडी वारा येतो त्या दिशेच्या अधिक जवळून नेता येते.

1963 च्या प्रदर्शनात मिरर ही छोटी होडी आली. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांची ही रचना 'डेली मिरर' या वृत्तपत्राने पुरस्कृत केली होती. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांधे काचतंतूची पट्टी व राळ लावून बंद करायचे; सुतारकाम न येणाऱ्यालाही ती घरी बांधता येई. अशा 70,000 हून अधिक होड्या बांधल्या गेल्या. नोकरदार कुटुंबे शिडाच्या होड्यांच्या खेळात आली आणि कप्प्या, दोर, तरंगजाकिटे यांचे गिऱ्हाईक कैक पटींनी वाढले.

पोशाखही बदलला. जवसाचे तेल पाजलेले जुने कापडी अंगरखे जड आणि चिकट असत. 1963 मध्येच मँचेस्टरला सुरू झालेल्या हेन्री लॉइड कंपनीने नायलॉनचे जलरोधक कपडे आणले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे कीथ मस्टो यांनीही पुढे याच धंद्यात नाव कमावले. भिजलेल्या माणसाच्या अंगातली ऊब वारा झपाट्याने काढून घेतो, म्हणून समुद्रावर चांगला अंगरखा जीव वाचवतो. खरेदीदार तो प्रदर्शनात अंगावर घालून, शिवण तपासून घेऊ शके.

कप्प्यांतही नवे शोध लागले. अमेरिकेत 1967 मध्ये उभ्या राहिलेल्या हार्कन कंपनीने कप्पीत प्लॅस्टिकच्या गोळ्यांचे बेअरिंग बसवले. घर्षण घटले आणि भरल्या वाऱ्यातही शिडाचा दोर हाताने सहज ओढता येऊ लागला.

2004 मध्ये प्रदर्शन एक्सेल केंद्रात गेले. तोवर खरेदी इंटरनेटकडे वळू लागली होती. साउथॅम्प्टनला 1969 पासून भरणाऱ्या प्रदर्शनात होड्या खुल्या पाण्यातच पाहता येत, त्यामुळे ओढा तिकडेही होता. लंडनचे जानेवारी 2018 मधले पाच दिवसांचे प्रदर्शन शेवटचे ठरले. 2019 चे रद्द झाले.