धनुष्यात स्क्रू तुटून अडकलाय? आधी ड्रिल खाली ठेवा

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी जगज्जेते झाले. फायनलमध्ये अदितीचे १५० पैकी १४९ गुण, ओजसचे १५० पैकी १५०. त्यानंतर महाराष्ट्रात बऱ्याच पोरांच्या हातात धनुष्य आलं. धनुष्य आलं की त्याचे स्क्रूही आले, आणि स्क्रू आले की ते तुटणंही आलं.

कंपाउंडचं टार्गेट ५० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं. डोळ्यापासून साइटची पिन साधारण ८५ सेंटिमीटर लांब आहे असं धरू. ही पिन १ मिलिमीटर जरी सरकली, तरी टार्गेटवर बाण जवळपास ६ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे नेम अचूक असूनही दहाचा नऊ होतो. ही साइट रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या धातूच्या दांड्याला, जेमतेम दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. त्यातला एक तुटला की सराव थांबतो. चांगल्या परदेशी रायझरची किंमत सहज अर्ध्या लाखावर जाते, त्यामुळे घरात टेन्शन येणारच.

पण स्क्रू तुटल्यामुळे रायझर वाया जाणं तसं दुर्मिळ. रायझर वाया जातो तो पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईने केलेल्या उद्योगांमुळे.

मुळात स्क्रू तुटतो कशामुळे?

एक कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळणं. दुसरं गंज. रायझर ॲल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचा. पावसाळ्यात दोन धातूंच्या मध्ये ओल राहिली की पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो.

तिसरं कारण मात्र खास आपल्याकडचं आहे. धनुष्याचं जग अजून इंचात चालतं. साइटचे स्क्रू बहुतेक रायझरमध्ये १०-२४ मापाचे असतात. म्हणजे जाडी ४.८३ मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे. स्टॅबिलायझरचं माप ५/१६-२४. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात मिलिमीटरचे एम ५ आणि एम ८. नुसत्या डोळ्यांना एम ५ आणि १०-२४ जुळे भाऊच वाटतील. पण एम ५ जरा जाड असतो आणि त्याचे आटे जास्त दाट, ०.८ मिलिमीटरवर एक. १०-२४ चे आटे १.०६ मिलिमीटरवर असतात. त्यामुळे एम ५ दोन आटे आत जातो आणि अडतो. आपल्याला वाटतं आत कचरा असेल, म्हणून आपण जोर लावतो. मग एकतर ॲल्युमिनियमचे आटे मरतात, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

तुटलाच तर काय करायचं?

सगळ्यात आधी धनुष्यावरचा ताण काढा. रिकर्व्ह असेल तर स्ट्रिंगर वापरून दोरी उतरवा आणि लिंब काढून ठेवा. कंपाउंड दोरी न ओढताही ताणलेलंच असतं, त्याला बो-प्रेस लागतो. ताणात असलेल्या धनुष्यावर ड्रिल चालवणं म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर स्प्रिंग सोडण्याची तयारी करणं.

आता तुटका तुकडा नीट बघा. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट ही की डोकं उडालं की स्क्रूवरचा आवळलेला ताणही जातो. गंज किंवा चिकट लॉकर नसेल तर आतला तुकडा चक्क सैल असतो. थोडा बाहेर आलेला असेल तर बारीक पक्कड पुरते. आत असेल तर टोकदार सुईने कडेला हलकेच उलटं ढकलत फिरवून बघा. भोक आरपार असेल तर मागूनही प्रयत्न करता येतो. त्याआधी भेदक तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर थांबलेलं बरं.

लॉकर लावलेला असेल तर उष्णता लागते. पण गॅसची ज्योत चुकूनही नको. रायझरच्या ॲल्युमिनियमला कारखान्यात उष्णतेच्या प्रक्रियेनेच ताकद दिलेली असते आणि २०० अंशांच्या वर ती उतरायला लागते. सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त तुटक्या स्क्रूवर टेकवा. रायझर कार्बनचा असेल तर तेही नको.

एवढं करूनही निघाला नाही तर ड्रिल. इथे घरचं काम संपतं. स्टील कडक आणि भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे हातातलं ड्रिल हमखास मऊ बाजूला घसरतं. वर्कशॉपमध्ये रायझर घट्ट बांधतात, बरोबर मध्यावर पंच मारतात आणि उलट्या दिशेने फिरणारं डावं ड्रिल वापरतात. कित्येकदा त्या ड्रिलच्या झटक्यानेच तुकडा फिरत बाहेर येतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा लागतो. तो इतका कडक आणि ठिसूळ असतो की आतच मोडला तर साधं ड्रिल त्याला शिवतसुद्धा नाही.

अशा वेळी नाशिककरांची सोय चांगली आहे. सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या भागात डाय आणि साचे बनवणाऱ्या टूलरूम आहेत. साच्यात मोडलेला टॅप काढणं हे तिथलं नेहमीचं काम. त्यासाठी स्पार्क इरोजन मशीन असतं. ते विजेच्या ठिणग्यांनी मधला धातू झिजवतं, धक्का न देता. त्यांनी कदाचित धनुष्य कधी हातात घेतलेलं नसेल, पण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये मोडलेलं स्टील त्यांना चांगलं कळतं.

तुरटीच्या गरम पाण्यात स्टील विरघळतं हा घड्याळजींचा जुना उपाय खरा आहे. फक्त त्यासाठी अख्खा रायझर तासन्‌तास पातेल्यात उकळावा लागेल, रंगाचं काय होईल ते वेगळंच.

आटे गेले असतील तर?

भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, बसवतात. आतून माप पुन्हा १०-२४ च मिळतं आणि हे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ असतात. विमानांच्या ॲल्युमिनियमच्या भागांतही अशाच गुंडाळ्या वापरतात. दुकानात जाताना चालू स्थितीतला दुसरा स्क्रू नमुना म्हणून सोबत न्या, नाहीतर कारागीर सवयीने एम ६ चा टॅप मारून मोकळा होईल. मग साइटचं भोकही वाढवावं लागतं.

हे सगळं साइट, रेस्ट आणि स्टॅबिलायझरच्या स्क्रूंपुरतं. लिंब बोल्टची गोष्ट वेगळी. धनुष्याचा सगळा ताण त्याच्यावर येतो, आणि स्पर्धेतलं कंपाउंड ओढायलाच ६० पाउंडांपर्यंत जोर लागतो. तो तुटला किंवा त्याचं भोक खराब झालं तर रायझर कंपनीच्या सर्व्हिसकडेच पाठवा. तिथे हेलिकॉइलचा प्रयोग नको.

नवा स्क्रू बसवताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर माप चुकलंय. स्क्रू लांबीने जास्त असेल तर तो तळाला टेकतो आणि साइट सैलच राहते. निळ्या लॉकरचा एक थेंब लावा आणि एलन की आखूड बाजूने धरून आवळा, म्हणजे हाताचा जोर आपोआप मर्यादेत राहतो.

किटमध्ये १०-२४ चे चार जादा स्क्रू टाकून ठेवा. बाद फेरीच्या सामन्यात उपकरण बिघडलं म्हणून जादा वेळ मिळत नाही. जे काही बदलायचं ते चालू घड्याळातच.