सप्लायची कुळी डिमरकडे जाते

देवणी गावात संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की फ्रिजशेजारचा स्टॅबिलायझर टक् टक् करतो. व्होल्टेज पडलं, रिलेने ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून काढलेला एक टॅप सोडून दुसरा धरला. प्रयोगशाळेतल्या 0 ते 30 व्होल्टच्या पॉवर सप्लायचा नॉब फिरवा, बऱ्याच सप्लायमधून हाच आवाज येतो. दोघं सख्खे भाऊ आहेत.

रूढ वंशावळ वेगळी आहे: 1920च्या दशकातला रेडिओचा बॅटरी एलिमिनेटर, मग ट्रान्झिस्टर, मग व्होल्टेज स्थिर राखणारा 1967चा 723 आयसी. ती मला अपुरी वाटते. एलिमिनेटर ठरलेलीच व्होल्टेज देई. मोठा पल्ला त्याच्या रक्तात नाही. तो आला नाटकाच्या दिव्यांकडून.

दिवे मंद करायला आधी ऱ्होस्टॅट होता. हे नाव शास्त्रज्ञ व्हीटस्टनने 1843मध्ये दिलं. ऱ्होस्टॅट जास्तीची वीज जाळून टाकी. 1930च्या दशकात अमेरिकेत जनरल रेडिओ कंपनीचा ‘व्हेरिअ‍ॅक’ आला. त्यात कार्बनचा ब्रश गुंडाळीवर सरकतो आणि लागेल तेवढंच व्होल्टेज उचलतो. आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकने याच जातीच्या यंत्राला ‘डिमरस्टॅट’ हे व्यापारी नाव दिलं आणि पॉलिटेक्निकपासून वाइंडिंगच्या दुकानापर्यंत तेच रुळलं. यातला ‘स्टॅट’ थर्मोस्टॅटचा, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट तापमान आपणहून राखतो; डिमरस्टॅट काहीच राखत नाही, हाताने फिरवाल तसा फिरतो. तेव्हा शेपूट ऱ्होस्टॅटचंच. डिमरस्टॅटला मोटर जोडून व्होल्टेज स्वतः राखायला लावलं, तेव्हा सर्व्हो स्टॅबिलायझर झाला.

आता सप्लाय उघडा. 30 व्होल्ट, 5 अँपिअर द्यायचे तर ट्रान्झिस्टरमागे सुमारे 40 व्होल्ट लागतात. त्यातूनच 5 व्होल्ट मागितले तर उरलेले 35 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर, म्हणजे 175 वॅट उष्णता. कामाला येतात 25. हा ऱ्होस्टॅटचाच स्वभाव. म्हणून मागे टॅप आणि रिले घालतात: 8 व्होल्ट एसीच्या टॅपवरून डीसी साधारण 10 मिळतं आणि उष्णता 25 वॅटवर येते. ढोबळ काम डिमरच्या वंशाचं, बारीक काम ट्रान्झिस्टरचं. व्होल्टेजचा आकडा संगणकाने पाठवला तरी टॅप असलेल्या सप्लायमध्ये आतली विभागणी हीच राहते.

असा सप्लाय बनवणाऱ्याने आधी वाइंडिंगवाल्याकडून 8, 16, 24, 32 असे चार टॅप करून घ्यावेत. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक त्यानंतर निवडावेत.